ओळखपत्रातल्या मिशा

"काका, हे तुम्ही नाही."

सुरक्षा तपासणीच्या टेबलामागच्या मुलीने ओळखपत्र पुन्हा उजेडात धरलं. गणवेश कडक इस्त्रीचा आणि चेहरा त्याहून कडक. फोटोत मिशा होत्या. साध्यासुध्या नव्हेत, गालांवर पसरून कानांशी सलगी करू पाहणाऱ्या. समोरच्या गृहस्थांच्या ओठावर मात्र औषधालाही केस नव्हता.

"मीच आहे हो. सकाळीच काढल्या."

"कोणी?"

"मीच. न्हावी आहे मी."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या, पण स्वतःच्या मिशीला त्यांनी कधी वस्तरा लागू दिला नव्हता. गल्लीत सगळे त्यांना मिशीमास्तर म्हणत. सलूनच्या पाटीचा रंग केव्हाच उडाला होता. गिऱ्हाइकं मिशा बघूनच आत शिरत. आणि पहिल्यांदा विमानात बसायच्या दिवशी या शहाण्या माणसाने ओळखपत्राचा विचारही न करता त्या साफ केल्या होत्या!

"मी म्हटलंच होतं," मागून बायको म्हणाली.

"तू झोपली होतीस."

"मग उठवायचं होतंत!"

"दुसरं काही ओळखपत्र आहे का?" मुलीने विचारलं.

मास्तरांनी लगबगीने दुसरं काढून दिलं. त्यातही मिशा होत्या, उलट आणखी तरुण आणि आणखी काळ्याभोर.

"साहेबांना बोलवावं लागेल. जरा बाजूला थांबा."

"साहेब कधी येतील?"

"येतील तेव्हा येतील. नियम आहे, काका."

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. लेकीला बाळ झालं होतं आणि त्याचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. उद्या सकाळी ऑपरेशन. फोनवर लेक नुसती रडायची. "होईल गं सगळं नीट," असं परवा मास्तर म्हणाले, तर ती फाडकन बोलली, "तुम्हाला काय माहीत, बाबा?" आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. हे विमान चुकलं तर लेकीला ती काळरात्र एकटीने काढावी लागणार होती.

"अहो बाई, इकडे बघा जरा!"

बायको पुढे सरसावली होती. तिने आपली वेणी पुढे ओढली, शेवटचा झुपका पंख्यासारखा पसरला आणि नवऱ्याच्या नाकाखाली धरला.

"आता?"

रांगेत हशा पिकला. मास्तर फोटोतल्यासारखे ताठ उभे राहिले, पण झुपक्याने घात केला आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

"हलू नका हो!" बायको ओरडली. "मिशी पडते ना!"

टेबलामागच्या मुलीने हसू कसंबसं दाबलं, पण काम सोडलं नाही. तिने कान ताडून पाहिले, भुवया पाहिल्या, कपाळावरचा तीळ पाहिला. सगळं जुळलं. वेणी बाजूला झाली तेव्हा मास्तरांच्या नाकापासून ओठापर्यंत उतरलेली एक फिकट रेघ तिला दिसली.

"हे फोटोत दिसत नाही."

"कसं दिसेल? ते झाकायलाच तर मिशा ठेवल्या होत्या," मास्तर म्हणाले. "माझाही ओठ असाच होता. लहानपणी शिवला. आमच्या लेकीला ठाऊक नाही. आता तिला दाखवायचाय."

मुलीने तिकिटावर शिक्का मारला. "परत येताना पुन्हा अडवतील, काका. तोवर वाढवा मिशा."

"छे! फोटोच बदलतो."

लेकीने दार उघडलं तेव्हा बाळ तिच्या खांद्याशी होतं आणि त्याच्या तोंडावर रुमाल होता. कोणी बघू नये म्हणून तो आताशा कायमच असे. तिने आधी आईला पाहिलं, मग शेजारच्या परक्या माणसाला, आणि मग तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा? मिशा कुठे गेल्या?"

"तपासणीत जप्त केल्या," आई म्हणाली.

मास्तरांनी लेकीचं बोट धरलं आणि आपल्या ओठावरच्या त्या रेघेवरून हळूच फिरवलं. ती बघतच राहिली.

"एवढंच राहतं?"

"एवढंच. आणि एवढ्यासाठी मी जन्मभर मिशांना तेल पाजलं!"

लेक रडता रडता हसली. मग बाळाच्या तोंडावरचा रुमाल काढून तिने आईच्या हातात दिला आणि आजोबांना नीट दिसावं म्हणून बाळाला उजेडाकडे वळवलं.