उजेड धरणारी

देवाने लहान जिवांना फार निगुतीने घडवलं आणि ते बघायला माणसाला नजर मात्र जेमतेम दिली. उरलेली नजर ज्याची त्याने घरच्या घरी जोडून घ्यायची. कुलूपवाल्याने ती जोडली होती.

साहित्य सगळं इकडचं तिकडचं. कॅमेरा लेकीचा जुना. त्याची लेन्स याने चक्क उलटी बसवली. उलटी धरली की मुंगी म्हशीएवढी दिसते म्हणून. ती बसायला कडं हवं, तर कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण मधोमध कापून त्याला एक जुनी कडी चिकटवली. जन्मभर किल्ल्या कापल्या, त्या हाताला हे काय जड? फ्लॅश जुन्या बाजारातला, लांब वायरचा. फ्लॅशच्या पुढे बिस्किटांचा उभा पत्र्याचा डबा, दोन्ही बाजूंनी उघडा, आणि तोंडावर पार्सलात येतो तो पांढरा फोमचा कागद. नुसता फ्लॅश मारला तर किड्याच्या पाठीवर चुना सांडल्यासारखा डाग पडतो. फोममधून गाळून आलेला उजेड मात्र कसा मऊ, सायीसारखा बसतो.

हा डबा धरायला घरची मालकीण. ती दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला नर्सबाईच म्हणायची. तिने सुई टोचली की पोरं रडायच्या तयारीतच राहायची आणि विचारायची, "कधी देणार?" तोवर ती कापूस चोळत असायची. असा हात.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत दोघं मागच्या कुंपणाशी जायची. तेव्हा किडे गारठलेले असतात, पळत नाहीत. कुलूपवाला गुडघ्यावर बसून श्वास रोखायचा आणि केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे सरकत राहायचा. नर्सबाई बुटक्या स्टुलावर बसून डबा लेन्सच्या कडेला धरायची आणि किड्यावर नजर ठेवायची. किडा स्थिर झाला की म्हणायची, "हं." याने बटण दाबायचं. कीर्तनात बुवा पुढे गातात, वाहवा त्यांची होते. पण मागचा टाळकरी एक ठोका चुकला की बुवांचाही पाय अडखळतो. तसं यांचं होतं.

पण एका सकाळी चहा ओतताना ती म्हणाली, "आज तुम्हीच जा. गुडघा धरलाय."

दुसऱ्या दिवशी कंबर धरली. मग एकदा म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय त्या किड्यांतलं? बसून बसून कंटाळा येतो."

कुलूपवाल्याला हे लागलं, पण त्याला वाटलं, खरंच आहे. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांसाठी उभी राहिली, आता नवऱ्याच्या छंदापायी हिने स्टुलावर का बसावं? म्हणून त्याने टेबलावरच्या मोडक्या दिव्याची वाकणारी मान काढली, एक टोक कॅमेऱ्याखालच्या पट्टीला आवळलं आणि दुसऱ्या टोकाला डबा बांधला. मोठ्या प्रेमाने तो कॅमेरा तिला दाखवायला स्वयंपाकघरात नेला.

"बघ. आता तुला त्रास नाही. हा हात कधी थकायचा नाही."

नर्सबाईने त्या लोखंडी मानेकडे पाहिलं. ओल्या हातांना पदर गुंडाळून म्हणाली, "छान आहे. माझ्यापेक्षा बरा," आणि नळ उगाचच मोठा सोडला.

लेक त्या दिवशी घरी आली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, आईला काय झालंय?"

"कंटाळलीय गं ती."

"आई कंटाळलेली तुम्ही कधी पाहिलीत? मी तर नाही."

सकाळी तो एकटाच कुंपणाशी गेला. वारा होता, पानं हलत होती. एका देठावर हिरवा भुंगेरा दिसला, दागिन्यासारखा. लोखंडी मानेने डबा घट्ट धरला होता. याने श्वास रोखला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळं फार गप्प होतं.

कुलूपवाला कानाने काम करणारा माणूस. बंद कुलपात काय अडकलंय ते त्याला आवाजावरून कळायचं. आता त्याला आठवलं, गेले कित्येक दिवस श्वास रोखला की कानाशी एक बारीक आवाज यायचा. टिकटिक, टिकटिक. डब्याची कड लेन्सला लागायची. वाऱ्याने असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

वारा तर आजही होता. डबा वाजत नव्हता.

तो तसाच खाली बसला. माशीच्या पायावरची लव आपल्याला दिसली, आणि वीतभर अंतरावरचा बायकोचा थरथरता हात दिसला नाही. भुंगेरा उडून गेला, त्याचं त्याला भानही नव्हतं.

घरात आला तेव्हा नर्सबाई दोन्ही हातांनी कप धरून बसली होती. एका हाताने धरणारी बाई. हेही आजच दिसलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

ती समजली. "बरेच दिवस झाले. डॉक्टरकडे जाऊन आले मी. वयाचं आहे म्हणाले, हलकं औषध दिलंय. घाबरण्यासारखं नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचे फोटो हलायला लागले. त्या कोळ्याचे डोळे पुसट आले, तुम्ही दिवसभर हळहळलात. म्हटलं, आपल्या हातापायी माणसाची हौस का बुडवा." तिने एक घोट घेतला. "या हाताने किती जणांच्या शिरा शोधल्या हो. आता डबा धरवत नाही."

कुलूपवाल्याने उठून खिडकीचा पडदा ओढला, टेबलफॅन जोरात लावला आणि लोखंडी मानेतून डबा सोडवून तिच्या हातात दिला.

"धर."

"अहो, वाजतोय तो."

"वाजू दे. धर."

तिने धरला. पत्रा टिकटिकत होता, पंखा गरगरत होता. याने लेन्स सुलटी लावून फोटो काढला आणि कॅमेरा तिच्यापुढे केला. चित्रात पंख्याची पाती जागच्या जागी उभी होती, कुणी बोट लावून थांबवल्यासारखी. कडेवरची धूळसुद्धा मोजून घ्यावी.

"पुसायला झालाय," नर्सबाई म्हणाली.

"ते पुसू नंतर. अगं, हा उजेड डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो. त्याने एवढा भरधाव पंखा थांबवला. तुझ्या हाताला हलायला त्यात सवड कुठली?"

तिने चित्राकडे पाहिलं, मग फिरत्या पंख्याकडे. "मग कोळ्याचे डोळे?"

"ते माझं पाप. मी पुढे झुकलो असेन. केसाएवढा चुकलो की गेलं सगळं. डबा धरणाऱ्याकडे काही दोष नाही."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही हलवत होता आणि मी औषध घेत होते."

"औषध चालू ठेव," तो म्हणाला, तशी ती हसली, आणि हसताना डबा आणखीच वाजला.

दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा कुंपणाशी आलं. लोखंडी मान आता ओट्यावर असते. लेकीशी बोलताना फोन अडकवायला बरी पडते. येताना नर्सबाईने डब्याच्या कडेला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळून आणली होती. "किडे दचकतात," म्हणाली.

गवताच्या काडीला दातांनी धरून एक मधमाशी झोपली होती. अंगावर दव. कुलूपवाल्याने श्वास रोखला आणि कान दिला. पट्टीमुळे आवाज मऊ झाला होता, पण होता.

माशीने एक मिशी हळूच सरळ केली.

"हं," नर्सबाई म्हणाली.