आमचा एकमेव आयरिश

आमचं वेल्समधलं कॉलेज एवढंसं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. मोठी विद्यापीठं दोनशे वर्षं आम्हाला हसत आली. हसोत बापडी. मेंढपाळाच्या पोरानं ग्रीक शिकायचं ही जेव्हा थट्टा होती, तेव्हा आम्ही ते शिकवत होतो. याचा मला माज आहे, आणि तो उतरणार नाही.

द्विशताब्दीला पहिल्या तुकडीची नावं सभागृहातल्या फलकावर लागायची होती. यादी मी, म्हणजे ग्रंथपालानं, केली होती. रंगारी दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि आदल्या दुपारी नेस्टमावशी आल्या. कॉलेजचं स्वयंपाकघर त्यांनी तीस वर्षं सांभाळलेलं.

"एम्लिन, माझ्या खापरपणजोबांचं नाव घातलंस का?"

"मावशी, चारदा पाहिलं. त्रेव्हेलिन गावचा एकही इव्हान नाही रजिस्टरात."

"चॅपलमधल्या बायका मला 'पंडिताची खापरपणती' म्हणून चिडवतात. गुरं हाकणारा कुठला कॉलेजात जातोय, म्हणे! ऐंशीची झाले रे. खोटारडी ठरून मरायचं नाही मला."

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी रजिस्टरच समोर ठेवलं. चष्मा पुसून त्या एकेक ओळ वाचू लागल्या. एका नावावर बोट थांबलं.

"तो आमचा आयरिश, मावशी. इव्हान ओ'द्रेव्हेलिन. सेंट डेव्हिडच्या सणाच्या जेवणात आपण पेला उंचावतो ना, 'आमच्या एकमेव आयरिशच्या नावानं'? तोच हा."

त्यांनी ते नाव घरात बोलतात तसं, सावकाश वाचलं. "इव्हान... ओ द्रेव्हेलिन."

मी खुर्चीतून उठलोच. आमच्या वेल्श भाषेत 'ओ' म्हणजे 'चा', आणि त्याच्यामागून आलेला 'त' मऊ होऊन 'द' होतो. पोरानं साधं सांगितलं होतं, त्रेव्हेलिनचा इव्हान. लिहिणारा साहेब इंग्रज, त्यानं त्याला ओ'ब्रायन, ओ'कॉनर असल्या आयरिश आडनावांच्या पंगतीत बसवला. त्याला माफ केलं. पण मी? पाळण्यापासून ही भाषा बोलतो आणि वीस वर्षं त्या नावाला हसलो. लाज वाटली मला.

"म्हणजे मी रस्सा वाढत होते," मावशी म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्याच खापरपणज्याच्या नावानं पेले रिचवत होतात?"

"हो, मावशी."

"आणि मला एक घोट नाही विचारलात, मेल्यांनो!" असं म्हणून त्या रडायला लागल्या. मग हसल्या.

यंदाच्या सेंट डेव्हिडच्या जेवणाला मावशी पहिल्या टेबलावर होत्या. प्राचार्यबाईंनी पेला उचलला आणि सवयीनं सुरुवात केली, "आमच्या एकमेव..." मग अडखळल्या. मावशी उठल्या, "त्रेव्हेलिनचा इव्हान!" असं खणखणीत म्हणाल्या आणि पेला एका दमात संपवला.

रस्सा त्या दिवशी चॅपलमधल्या बायका वाढत होत्या.