मालक समोर हवा

चावीकाकांना उघडता येणार नाही असं कुलूप गावात नव्हतं, आणि त्यांनी कधी उघडलं नाही असं एकच कुलूप होतं, ते त्यांच्या घरात.

भाड्याच्या त्या घराला खोल्या तीन. दोन काकाकाकूंच्या, तिसरी घरमालकांच्या सामानाची. अकरा वर्षांपूर्वी घर देताना मालक म्हणाले होते, "हिच्यात माझं थोडं सामान आहे, राहू दे." मग कडीला एक पितळी कुलूप घालून ते मुलीकडे परगावी राहायला गेले. त्या दिवसापासून काकांनी त्या कुलपाला बोट लावलं नव्हतं आणि काकूंनाही लावू दिलं नव्हतं. काकू दर आठवड्याला दार पुसायच्या. कुलूप आलं की फडकं त्याला वळसा घालून पुढे जायचं.

ही भीती नव्हती, तत्त्व होतं. आणि तत्त्व म्हटलं की घरातल्या दुसऱ्या माणसाची गैरसोय आलीच. काकूंचा निम्मा संसार अकरा वर्षं पलंगाखाली होता. तिथल्या ट्रंकेचा कोपरा रोज सकाळी त्यांच्या करंगळीला लागायचा, आणि रोज सकाळी त्या बंद दाराकडे एकदा बघून पुढे जायच्या.

काकांच्या टपरीवर पाटी होती: 'कुलूप मालकासमोरच उघडले जाईल.' तिच्यामागे एक जुनी गोष्ट होती. उमेदवारीच्या काळात एका गृहस्थाने त्यांना घर उघडायला नेलं. हातात भाजीची पिशवी, तोंडात साखर. "मालक म्हणाले, तोवर उघडून ठेव." काकांनी उघडून दिलं. संध्याकाळी कळलं, ते घर एका एकट्या शिक्षिकेचं होतं आणि त्यात आता फक्त भिंती उरल्या होत्या. भाजीची पिशवी मात्र त्या गृहस्थाने ओट्यावर विसरली होती. शिक्षिका काकांना काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर कदाचित पाटी लिहावी लागली नसती.

पाटीला अपवाद नव्हता. त्यांचा सख्खा मेहुणा एकदा पेपर उचलायला टॉवेलवर बाहेर आला आणि मागे दार लागलं. काका हत्यारांची पिशवी घेऊन गेले आणि तीन तास जिन्यात त्याच्याशेजारी बसून राहिले, कारण फ्लॅट मेहुण्याच्या बायकोच्या नावावर होता.

तर मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी काकू म्हणाल्या, "अहो, खोलीत कोणीतरी आहे."

"कुठल्या?"

"मालकांच्या."

"मग मालक असतील," काका म्हणाले, कारण ते पेपर वाचत होते.

तेवढ्यात आतून फडफड झाली. मग काचेवर काहीतरी आपटलं. थांबलं. पुन्हा आपटलं. काकांनी पेपर खाली ठेवला.

ते खाली जाऊन मागच्या बोळातून वर बघून आले. तिसरा मजला. खिडकी बंद, तिच्यावरच्या झडपेची एक काचपट्टी निघालेली. पट्ट्या तिरक्या; बाहेरून शिरायला सोप्या, आतून सापडायला अवघड. शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचत होती.

"पाखरू शिरलंय," त्यांनी वर येऊन जाहीर केलं.

"ते मलाही कळलं. साळुंकी असेल. आता उघडा."

"मालक समोर हवा."

काकूंनी कपबश्या उचलल्या. त्या आपटल्या नाहीत, हळूच ठेवल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात काकांना यातला फरक कळत होता.

मालकांना फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीने. "काका, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय कालच, झोपलेत." दुपारी तिनेच उलट फोन केला. "बाबा म्हणाले, उघडा. खुशाल उघडा म्हणाले."

'मालक म्हणाले' हे दोन शब्द काकांनी यापूर्वी भाजीच्या पिशवीसकट ऐकले होते.

"त्यांनाच यावं लागेल, ताई."

"काका, तुम्हीच राहताय ना त्या घरात?"

"म्हणूनच."

मुलगी वैतागून म्हणाली, "बरं, बघते," आणि फोन बंद झाला.

काकूंनी कामाला लागायचं ठरवलं. दाराखाली बोटभर फट होती. त्यांनी तांदळाचे दाणे कागदावर घेतले आणि फूटपट्टीने आत सारले. पाण्याचं काय करायचं? जुन्या पंच्याची एक पट्टी फाडली, भिजवली, अर्धी आत सरकवली, अर्धी बाहेर ठेवली, आणि बाहेरच्या टोकावर तासातासाने चमच्याने पाणी घालू लागल्या. चमचा घेऊन जमिनीवर बसलेल्या काकूंना ओलांडून काका दोनदा टपरीवर गेले आणि दोनदा परत आले.

बुधवारी ही बातमी खालच्या दुकानातल्या शिंप्याला कळली. तो कापड मापायची टेप गळ्यात घालून वर आला आणि दाराला कान लावून उभा राहिला.

"काका, सध्या आत कोण राहतंय?"

"पाखरू."

"म्हणजे ताबा त्याचा. आणि ते ओरडून सांगतंय, उघडा. मालक याहून समोर कसा असतो?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कुठली? आमच्याकडे गिऱ्हाईक समोर नसलं तरी आम्ही पँट उसवतो. जुन्या मापावर."

काकू हसल्या नाहीत. शिंपी टेपशी चाळा करत खाली गेला. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही. ही खोलीही नाही मागितली. एकदा उघडा. पाखरू सोडू, पुन्हा लावू. मी कोणाला सांगणार नाही."

"मला कळेल ना."

हे वाक्य काकांना बोलता बोलताच आवडलं होतं. पुढे आयुष्यभर त्यांना ते आठवणार होतं, पण आवडणार नव्हतं.

संध्याकाळी काकू पाणी भरायला गेल्या तेव्हा काका दारासमोर उभे राहिले. खिशात वाकवलेली तार होती. असल्या कुलपाला त्यांना शिंक यायला लागतो तेवढा वेळ पुरला असता. आत फडफड आता नव्हती. फक्त खाली, फटीपाशी, काहीतरी खरडल्यासारखा बारीक आवाज आला. दोनदा. काकांनी तार बाहेर काढली. हात कुलपापासून वीतभर अंतरावर होता. मग त्यांना ती शिक्षिका दिसली, रिकाम्या घरात भाजीची पिशवी धरून उभी असलेली. त्यांनी तार परत खिशात घातली.

गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला. बाबा ऐकत नाहीत, पहाटेच्या गाडीत बसलेत, दुपारी पोचतील. काकांना एकदम हलकं वाटलं. ते सांगायला आत आले. काकू फटीपाशी बसल्या होत्या, पण चमचा बाजूला ठेवलेला होता.

"मालक येताहेत. दुपारी."

"येऊ देत," काकू म्हणाल्या. "आता घाई नाही."

मालक दुपारी आले. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. तीन जिने चढताना चार वेळा बसले. वर येऊन त्यांनी आधी पाणी मागितलं, मग काकांचा हात धरला.

"जागा सोडताय का?"

"नाही हो. खोली उघडायची होती."

"मग उघडायची! पोरीजवळ निरोप दिला होता की मी. ती म्हणाली, तुम्ही समोर या म्हणताय. मला वाटलं, काहीतरी तोंडावर सांगायचंय तुम्हाला."

"खोलीत पाखरू अडकलंय," काकू म्हणाल्या. "मंगळवारपासून."

मालक त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत राहिले. मग काकांकडे. काका तोवर जमिनीवर पिशवी पसरून बसले होते, तारा ओळीने मांडल्या होत्या, चष्मा बदलला होता. "तुम्ही इथे उभे राहा," ते म्हणाले, "असे, माझ्यासमोर."

मालक समोर उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि कुलूप खाली ओढलं. ते उघडलं.

काका तार हातात धरून बसले होते तसेच राहिले.

"हे लावलेलंच नव्हतं," मालक म्हणाले. आवाजात ओशाळलेपणा होता, चूक आपलीच असल्यासारखा. "किल्ली तेव्हाच हरवली होती. नुसतं अडकवून गेलो. म्हटलं, कुलूपवाल्याच्या घरात कुलूप लावून काय करायचं? तुम्हाला उघडायचंच असतं तर तुम्ही त्याने अडला असता का? आणि उघडायचं नसेल तर लावायचं कशाला?"

अकरा वर्षांत दाराशी आलेल्या कुठल्याही साध्या माणसाने, अगदी चोरानेही, ते एकदा ओढून पाहिलं असतं.

दार आत ढकललं. सामान म्हणजे एक स्टूल, पाय मोडलेली खुर्ची आणि खिळ्याला बायकांची एक छत्री. खिडकीच्या काचेवर धुळीत पंखांचे ठसे होते, खूप, एकावर एक. पण पाखरू खिडकीपाशी नव्हतं. ते दाराशीच होतं, पंच्याच्या पट्टीला लागून, चोच फटीकडे. साळुंकी नव्हती. साधी चिमणी होती. एवढ्याशा जीवाने एवढा आवाज कसा केला, हे काकांना समजेना.

काकू खाली बसल्या. त्यांनी चिमणी त्याच पट्टीत गुंडाळली आणि पदराखाली धरून जिना उतरल्या. मालकांनी छत्री खिळ्यावरून काढली आणि छातीशी धरली.

"हिची," ते म्हणाले. "एवढंच तर सामान होतं. खोली आता वापरा. कुलूप नको."

जाताना काकांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. गाडी हलेपर्यंत दोघंही हवेबद्दल बोलले.

खोली उघडीच आहे. पण काकूंनी ट्रंक पलंगाखालून हलवलेली नाही. काकांनी दोनदा विचारलं, "आत ठेवू का?" काकू म्हणाल्या, "राहू दे, सवय झालीय." त्या कधी रागावल्या नाहीत. एकदा कडाडून रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. झडपेची पट्टी काकांनी शिंप्याला स्टूल धरायला लावून बसवली. खालच्या कट्ट्यावर काकूंची पाण्याची वाटी रोज भरलेली असते, आणि ती भरताना त्या अजूनही चमचाच वापरतात.

पाटी आहे तशीच आहे. काका मालकाला समोर उभं करतात, पिशवी पसरतात, चष्मा बदलतात. मग हत्याराला हात लावायच्या आधी कुलूप एकदा खाली ओढून बघतात.

गिऱ्हाइकं हसतात. "अहो काका, बंद आहे म्हणून तर बोलावलं!"

"हो," काका म्हणतात. "तरी."

कुलूप बंदच असतं. आजवर प्रत्येक वेळी बंदच निघालं आहे.