धवल्याची मागची ओळ

लग्न ठरवायच्या आधी माझ्या आईने आमच्या जिते गावाहून येऊन सगळी चौकशी केली होती. मुलगा पितो का? नाय. पत्ते खेळतो का? नाय. तंबाखू? अजिबात नाय. आता मुलगा स्पीकर घेतो का, हे विचारायचं कुणाला सुचणार?

माझा नवरा प्रणित डोलवीला कंपनीत आहे. तिथे मशिनींच्या आवाजापायी कानांत बोंडं घालून शिफ्ट काढतो आणि घरी आला की कान उघडून बसतो. आधी हेडफोन आले. मग अँप्लिफायर, मग त्याच्याहून बरा अँप्लिफायर, मग स्पीकर, मग त्या स्पीकरखाली ठेवायला दगडी लाद्या. एकदा तर मनगटाएवढी जाड केबल आली. म्हटलं, "ही कशाला?" म्हणतो, "आवाज मोकळा होतो." म्हटलं, "माझा होतो तेवढा पुरत नाय का?" हसला आणि केबल जोडायला बसला. प्रत्येक वस्तू शेवटचीच असायची, आणि ती घरात येऊन चार दिवस झाले की पठ्ठ्या परत मोबाईलवर पुढची बघत बसायचा.

नवीन वस्तू आली की ती पारखायला गाणं एकच. माझ्या सासूबाईंचा धवला.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवात बसून ती धवले गाते, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते, आणि मगच हळद लागते. पेणपासून खाडीच्या अंगाला जेवढी गावं आहेत तिथे काशीबाई म्हटलं की लोक अजून खुर्ची पुढे करतात. त्या माझ्या सासूबाई. हे मी दर माणसाला सांगते, कारण मला मिरवायला आवडतं.

प्रणितने पहिला चांगला माईक घेतला तेव्हा सासूबाईंना बेडरूममध्ये बसवून त्यांचा धवला भरून घेतला होता. पंखा बंद, खिडकीला गादी, आम्हाला बोलायची बंदी. तेच रेकॉर्डिंग मग प्रत्येक नव्या डब्यातून वाजायचं. मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. आणि प्रत्येक वेळी बाहेरून आवाज यायचा, "छ्या! काहीतरी कमी पडतंय." की लागला परत शोधायला.

अशात माझ्या नणंदेचं, मनस्वीचं, लग्न ठरलं. आणि सासूबाई म्हणाल्या, "मी नाय गायची. गला गेला माझा."

त्यांची जोडीदारीण धोंडुबाई गेली, तेव्हापासून त्यांनी एकाही मांडवात तोंड उघडलं नव्हतं. पण पोटच्या पोरीच्या हळदीला नाही म्हणतील असं वाटलं नव्हतं. मनस्वी ढसाढसा रडली. "गावातल्या सगळ्या पोरींना गायलीस गो आये, आणि मला डीजे?" सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

प्रणितने यावर औषध काय काढलं असेल? स्पीकर! हळदीला आयचं रेकॉर्डिंग लावायचं, पण आपल्या या सेटवर नाय, आवाज पुरा येत नाय. रोह्याला मोरोपंत म्हणून निवृत्त मास्तर आहेत, तेही याच रोगाचे रोगी. त्यांना त्यांचे मोठे स्पीकर विकायचे होते. आमचा सगळा सेट त्यांना द्यायचा, वर पैशाची भर घालायची आणि ते आणायचे. मी म्हटलं, "लग्नघर आहे, अक्कल कुठे चरायला गेली?" तर म्हणतो, "आयला घेऊन जाऊ. तिचा आवाज हाय, तिलाच ठरवू दे." सासूबाई चक्क तयार झाल्या. मग मीही पदर खोचला. म्हटलं, बघतेच हे स्पीकर.

पेणहून मेमू गाडीने आम्ही तिघं रोह्याला गेलो. मोरोपंतांचं घर कुंडलिका नदीच्या बाजूला. त्यांनी सासूबाईंना मधल्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. "काशीबाई, आता तुम्हीच तुम्हाला ऐका," म्हणाले आणि बटण दाबलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई जणू समोर बसून गात होत्या. बांगडी कुठे वाजली, श्वास कुठे घेतला, सगळं. पहिली ओळ संपली. आणि मग काहीच नाही. रिकामं. मग दुसरी ओळ, आणि परत तसंच रिकामं. आमच्या सेटवर ती थांबायची जागा कधी जाणवली नव्हती. इथे सहन होईना.

प्रणित पुढे वाकून ऐकत होता. पुटपुटला, "इथंच. इथंच काहीतरी कमी पडतंय."

"धोंडू कमी पडतेय," सासूबाई म्हणाल्या.

मोरोपंतांनी आवाज बारीक केला. सासूबाई प्रणितकडे बघतही नव्हत्या. "धवला एकटीचा नसतो रे. मी ओल टाकायची, तिने मागून तीच म्हनून झेलायची. तिने झेलली की मला पुढची सुचायची. तू भरून घेतलंस त्या दिवशी ती लुगडं बदलून आली होती. तू तिला चहा दिलास नि बाहेर बसवलंस. म्हनालास, मला फकस्त आयचा आवाज पायजे, स्वच्छ."

प्रणितचा चेहरा बघवेना. लहानपणापासून दोघींना मांडवात ऐकलेला माणूस! पण तेव्हा डोक्यात माईक होता. त्याला दुसऱ्या बाईचं खोकणं नको होतं, म्हणून त्याने अर्धा धवलाच बाहेर ठेवला आणि नंतर सगळ्या मशिनींवर खापर फोडलं.

"मंग तेव्हा बोलली का नायस?" तो कसाबसा म्हणाला.

"तू इतक्या हौसेने मांडलं होतंस सगलं."

बारीक आवाजात धवला चालूच होता. ओळ संपली, तीच रिकामी जागा आली, आणि माझं तोंड उघडलं. मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. मी ती ओळ झेलली. पुढची आली, तीही झेलली. स्वयंपाकघरात नकळत हेच तर करत आले होते इतकी वर्षं, भाकरी उलटता उलटता. याच्या प्रत्येक नव्या अँप्लिफायरबरोबर माझी परत एकदा उजळणी व्हायची.

सासूबाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मी गप्प झाले. वाटलं, गेलेल्या बाईच्या जागी बसले, आता काही खरं नाही.

"बंद कर रे त्या काशीबाईला," त्या म्हणाल्या. मोरोपंतांनी झटकन बटण दाबलं. "नमिता, हिकडं ये गो. मांडीला मांडी लावून बस."

आणि गायल्या! गळा गेला म्हणे! आवाज थोडा फाटत होता, व्हय. पण ओळ टाकायच्या ती अशी, की झेलल्याशिवाय गत्यंतर नाही. मी चुकले की माझ्या मांडीवर चापट मारायच्या आणि पुढे जायच्या. शेवटी मोरोपंतांनी डोळे पुसले. मग जरा खाकरून विचारलं, "स्पीकरचं काय करायचं, प्रणित?"

"राहू द्या सर," प्रणित म्हणाला. "ते चांगलेच आहेत. मला जे पायजे होतं ते घरातच होतं."

परतीच्या गाडीत त्याने मोबाईल काढला नाही. त्याने तो सोडावा म्हणून मी काय काय नाही केलं होतं! खिडकीशी बसून आईला विचारत होता, धोंडुमावशी कुठल्या गावची, तिला कुणी शिकवलं. सासूबाई नागोठणं गेलं तरी सांगतच होत्या. आमचा जुना सेट अजून शोकेसवर आहे, छान वाजतो. त्याच्यात काही कमी आहे असं आता कुणी म्हणत नाही.

हळदीच्या दिवशी मनस्वी पाटावर बसली आणि आम्ही दोघी तिच्या समोर. मांडव भरलेला. बायका कुजबुजत होत्या, काशीबाई गाणार? सून झेलणार? मी ताठ बसले होते. डीजेवाला जितेश लगबगीने माईक घेऊन आला. "काकी, माईक लावू? मागपर्यंत जायचा नाय आवाज."

सासूबाईंनी माझा हात हातात घेतला.

"नको रे बाला," त्या म्हणाल्या. "आमी दोगी हाव."