सुतकातली ओव्हर

कोंडीराम बॉल टाकण्याआधी काय करतो, हे आमच्या कळंब गावात सगळ्यांना पाठ होतं. धाव सुरू करायच्या खुणेपाशी वाकायचं, मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, ओठांत देवाचं नाव घ्यायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणंच खरं. समोरचा ब्याटवाला चुळबुळायला लागायचा, अंपायर मान वळवून बघायचा, बांधावरून कुणीतरी "झोपला काय रं" म्हणून विचारायचं. कोंडीराम हलायचा नाही. मग एकाएकी सुटायचा, आणि बॉल पडायला हवा तिथेच पडायचा.

मी कीपर. त्यामुळे त्या वेळचा त्याचा चेहरा मला समोरून दिसायचा. तसा चेहरा मी आणखी एकाचाच पाहिलाय. देवळात कीर्तन रंगात आलं की बुवा मध्येच डोळे मिटतात, आम्ही टाळकरी टाळ आवरून धरतो, सगळी माणसं श्वास रोखून बसतात. तेव्हा बुवांच्या बाजूला पखवाजावर हात ठेवून बसलेल्या मालोजीतात्यांचा चेहरा असा व्हायचा. त्या क्षणी देव देवळात असतो, असं मी मानतो.

तात्या म्हणजे कोंडीरामचे सख्खे चुलते. थांबायची सवय त्यांनीच लावलेली. "बुवांचा शब्द ऐकून थाप मारली तर थाप मागं पडती रं," ते म्हणायचे. "आधी ती आत ऐकायची. आत वाजली, की मग हात." पखवाज काही कोंडीरामच्या हाती बसला नाही, पण ही गोष्ट त्यानं बॉलिंगला लावली. खुणेपाशी उभा राहिला की तात्यांचा ठेका त्याला आत ऐकू यायचा आणि समेला पाय उचलायचा. मला त्यानंच हे सांगितलं होतं, जरा लाजत. इतर कुणी हसलं असतं. मला ते पटलं.

अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, मालोजीतात्या गेले. भावकीला सूतक लागलं, आणि त्याच आठवड्यात भिवपुरीच्या वीजघराच्या मैदानावर खालापूरकरांशी आमची मॅच होती.

नुसती मॅच असती तर कोंडीराम घरीच बसला असता. पण वीजघराच्या टीमला बॉलर हवा होता. या मॅचमध्ये जो चांगला टाकील त्याला कामावर कायम करतो, असं तिथल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. कोंडीराम तिथेच रोजंदारीवर कालव्यातला गाळ काढायचा. पावसाळ्यात ते काम बंद, आणि घरात खाणारी तोंडं बंद होत नव्हती. भावकी बसली, बोलली आणि ठरलं की खेळायला हरकत नाही, पण नमस्कार करायचा नाही. सुतकात देवाला हात जोडत नाहीत. भावकीतले थोरले रामभाऊकाका त्याच्याबरोबर मैदानावर आले आणि टोपी सारखी करून बांधावर बसले.

पहिल्याच बॉलला कोंडीराम वाकला, आणि त्याला आठवलं. हात मातीच्या वर तसाच राहिला. मग तो सरळ झाला, धावला, आणि बॉल माझ्या हाताला न लागता बाहेरून गेला.

"नमस्कार घरी विसरला वाटतं," खालापूरचा ब्याटवाला म्हणाला.

आमचा कप्तान गजा जवळ गेला. "कर की रं. देव काय अंपायर हाय व्हय, बोट वर करायला?"

"काका बघतायत."

ओव्हर संपल्यावर मी त्याला गाठलं. "नमस्कार नको तर नको. नाव तरी घे. नावाला कसलं सूतक? बुवा दरसाल सांगतात ना?"

"नाव हाय रं सोमा तोंडात."

"मग?"

"ठेका नाय."

मला वाटलं, मनाला लागलंय, निघेल हळूहळू.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, नुसता मातीला हात लावू?"

काकांनी बराच विचार केला. "मातीला लाव. कपाळाला नको."

"मग मधे कुठं ठेवायचा हात? खिशात?" गजा म्हणाला. कुणी हसलं नाही.

पुढे तो मातीला हात लावायचा आणि लेंग्याला पुसायचा. बॉल सरळ पडू लागले, पण त्यांत जीव नव्हता. दुसऱ्या बाजूने गजाच विकेटा काढत होता. शेवटी खालापूरची शेवटची जोडी उरली आणि त्यांना हव्या असलेल्या धावाही थोड्याच. गजा मनाचा मोठा. त्यानं बॉल कोंडीरामच्या हातात दिला. खुर्चीतले साहेब पुढे सरकून बसले.

कोंडीराम खुणेपाशी पोचला तसे रामभाऊकाका बांधावर उठून उभे राहिले.

"कोंड्या, कर रं नमस्कार. भावकीला मी सांगतो. पाप माज्या डोक्यावर."

कोंडीरामनं काकांकडे पाहिलं. मग वाकला, मातीला हात लावला, कपाळाला लावला. ओठ हलले. मी यष्टीमागे बसलो, आणि टाळ आवरून धरावेत तसे माझे हात आपोआप वर आले.

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. पण तो चेहरा येईना. बंद दारापाशी माणूस आत कुणी आहे का म्हणून कान देतो ना, तसा तो उभा होता. अंपायरनं विचारलं, "टाकतोस ना?"

तो धावला. बॉल अर्ध्यातच टप्पा खाऊन वर उठला आणि ब्याटवाल्यानं तो कालव्यापलीकडे भिरकावला. मॅच संपली.

साहेब उठले, गजाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ऑफिसकडे घेऊन गेले. गजानं दोनदा मागे वळून पाहिलं. कोंडीराम कालव्यापलीकडून बॉल शोधून घेऊन आला.

"माझाच उशीर झाला," रामभाऊकाका म्हणाले. "सकाळीच करू द्यायला पायजे व्हता."

"नाय काका. द्यायलाच नको व्हता."

"म्हंजे?"

"तवर मला वाटत व्हतं, सुतकामुळं ठेका ऐकू येत नाय. सूतक फिटलं की येईल."

काका खाली बसले. कोंडीरामनं बॉल माझ्या हातात दिला, चपला पायांत घातल्या, आणि उद्या गाळ कुठून काढायचाय ते विचारायला मुकादमाच्या खोलीकडे गेला.