रहिवाशांची लिफ्ट

लिफ्टचं दार मिटता मिटता धाकट्याने हात आडवा घातला. आत पाण्याचा जार खांद्यावर घेऊन त्याचा थोरला भाऊ उभा होता.

"दादा, ही रहिवाशांची. कामगारांची मागे आहे."

"ती बंद पडलीय. अकराव्या मजल्यावर जायचंय रे."

धाकट्याने वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्याचा गणवेश अंगावर चढून आठवडाही झाला नव्हता, आणि आधीचा पहारेकरी अशाच एका दयेपायी घरी बसला होता.

घरी दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. जेवताना विषय या इमारतीचाच. थोरला म्हणायचा, घाम गाळला म्हणून ते वर पोचले, आपणही पोचू. धाकटा मोर्च्यातून घसा बसवून यायचा आणि म्हणायचा, घाम आपला, मजले त्यांचे. थोरला धाकट्याला 'पुढारी' म्हणे, धाकटा थोरल्याला 'शेठ'. माणसांना वेगळ्या लिफ्टने धाडणं हा शुद्ध अपमान आहे, असं चौकात ओरडून सांगणाराही धाकटाच.

"नियम आहे, दादा," तो जारकडे बघत म्हणाला.

थोरला बाहेर आला आणि जिन्याकडे वळला. एका पायरीवर थांबून त्याने जार दुसऱ्या खांद्यावर घेतला. धाकट्याला लाज वाटली, इतकी की मागे धावावंसं वाटलं. तेवढ्यात एक बाई किल्ल्या वाजवत आल्या, आणि त्याने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं.

संध्याकाळी थोरला गुडघ्याला तेल चोळत बसला होता. धाकटा समोर येऊन बसला. पोटासाठी करावं लागतं, व्यवस्थाच अशी आहे, असं काहीबाही उत्तर त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण कोणी विचारीचना.

"बोल की काहीतरी," शेवटी तोच म्हणाला. "शिव्या तरी घाल."

"कशाबद्दल?" थोरल्याला खरंच कळलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. "ते होय? अरे, चुकलं माझंच. आपली नाही त्या लिफ्टमध्ये शिरलोच कशाला मी? तू बरोबर केलंस. असाच नियमाने वागलास तर वर जाशील बघ."

त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्याने भावाला पुढारी म्हटलं नाही.

आईला बरं वाटलं. कधी नव्हे ते पोरांचं एकमत झालं, असं म्हणत तिने दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली.