लाल की तपकिरी

क्लबात त्यांना सगळे ‘सरपंच’ म्हणायचे. एकोणीस वर्षं स्नूकरच्या सामन्यांत पंचगिरी केलेली, आणि गाव नसताना मिळालेलं हे पद त्यांना मनातून आवडायचं. नव्याने शिकायला येणाऱ्यांना ते नियम सांगायचे, “आधी लाल बॉल पॉकेटमध्ये पाडायचा, मग कुठलाही रंगीत. पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. लाल पडला की गेला. रंगीत पडला की मी त्याला उचलून त्याच्या जागेवर ठेवणार. लाल संपले की रंगीत ओळीने घ्यायचे : पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, शेवटी काळा. एवढंच. बाकी तुमचा हात.”

मागच्या वर्षापासून त्यांना लाल आणि तपकिरी सारखेच दिसायला लागले. बायको शिवणकाम करायची, तिला आधी कळलं. तिने लाल रीळ मागितलं, त्यांनी तपकिरी दिलं, तेही दोनदा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “नस सुकत चाललीय. याला ऑपरेशन नाही. आहे ते जपा.”

“अहो, पंचगिरी सोडा आता,” बायको म्हणाली.

“सोडून काय करू? तुझी बटणं निवडत बसू?”

“त्यालाही रंग कळावे लागतात,” ती बोलून गेली.

त्यांनी सोडलं नाही. तपकिरी बॉल जागेवर असला की प्रश्नच नसायचा. हलला, की ते त्याच्यावरून नजर काढायचे नाहीत. झाकली मूठ वर्षभर झाकलेली राहिली.

उपांत्य सामना एका वेल्डरचा आणि एका वकिलाचा होता. वेल्डर जन्मापासून रंगांधळा, आणि त्याची त्याला लाज नव्हती. सुरुवातीलाच येऊन म्हणाला, “काका, मला लाल-तपकिरी कळत नाही. अडलो तर विचारीन हं.” विचारलं तर पंचाने रंग सांगायचा, ही रीतच होती. सरपंचांनी तोंड उघडलं, पण निघालं एवढंच, “विचार की.”

शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे निर्णायक डावात, वेल्डर थोडा पुढे होता. टेबलावर दोन लाल उरलेले. वकिलाने जोरात फटका मारला; दोन लाल आणि तपकिरी एकमेकांवर आपटले, फिरले आणि तीन ठिकाणी थांबले. त्या गडबडीत सरपंचांची नजर चुकली.

वेल्डर वाकला, क्यूची काठी रोखली आणि हळू आवाजात विचारलं, “काका, कोपऱ्याजवळचा लाल ना?”

सरपंच त्याच्याकडे झुकले. “लाल,” ते त्याच्यापुरतंच पुटपुटले.

बॉल सुरेख पॉकेटमध्ये गेला. कोणीच टाळी वाजवली नाही. वकील खुर्चीतून उठला. “पंच, तो तपकिरी होता.”

सरपंचांनी बॉल बाहेर काढला, पांढऱ्या हातमोज्यात धरून पाहिला. अजूनही कळत नव्हतं. चूक पंचाची असेल तर खेळाडूला दंड नाही, हेही त्यांना पाठ होतं. फक्त ‘मीच सांगितलं’ एवढे दोन शब्द बोलायचे होते.

“फाऊल,” ते म्हणाले. “चार गुण वकिलांना.”

वेल्डरने त्यांच्याकडे पाहिलं आणि जाऊन बसला. नंतर त्याचा हात बसलाच नाही. वकील जिंकला.

 पाचव्या दिवशी सरपंचांनी संघटनेला सगळं लिहून दिलं, आणि राजीनामाही. राजीनामा लगेच मंजूर झाला. निकालाबाबत उत्तर आलं, की तक्रारीची मुदत संपली आहे.

ते वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये गेले. त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला.

“मी लाल म्हणालो होतो,” सरपंच म्हणाले. “मलाही दिसत नाही रे. वर्ष झालं.”

वेल्डरने हातातली पट्टी खाली ठेवली. “मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. घरीही सगळ्यांना तसंच सांगितलं.”

“मी येतो तुझ्या घरी. मी सांगतो त्यांना.”

“नको काका. क्यू देऊन टाकली मी परवाच.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “तुम्ही बाजूला व्हा जरा, ठिणग्या उडतील.”

त्याने मुखवटा खाली ओढला. सरपंच दारापर्यंत मागे सरकले. जा असं कोणी म्हणालं नाही, थांबा असंही नाही.